उलट्या नदीतली होडी

बाबांना काचबिंदू आहे हे आम्हाला कळलं तेव्हा उजवा डोळा जवळजवळ गेलेला होता. डाव्या डोळ्याला फक्त मधोमध दिसत होतं, नळीतून बघावं तसं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली टिकवायची. नंतर आईकडून कळलं, की तसेच थेंब दोन वर्षांपूर्वी एका तपासणी शिबिरात बाबांना दिले होते. डोळा दुखत नव्हता, म्हणून बाटली संपल्यावर त्यांनी दुसरी आणली नाही. मी लग्न होऊन जुईनगरला गेले होते. दर रविवारी माहेरी तळवलीला यायचे, जेवायचे आणि संध्याकाळी परत जायचे. बाबा घरात भिंतीला हात लावून चालतात हे मी बघत होते. गुडघे दुखत असतील असं मला वाटलं होतं.

बाबांना एकाच तऱ्हेचे सिनेमे आवडायचे. कुणीतरी घरातून निघतं, एखाद्या विहिरीतून नाहीतर डोंगराच्या भगदाडातून भलत्याच दुनियेत पोचतं, तिथली झाडं बोलतात, दगड चालतात, आणि तो माणूस पुढेपुढे जात राहतो. हाणामारीचे किंवा रडारडीचे सिनेमे ते अर्ध्यात सोडून उठायचे. तरुणपणी ते आजोबांबरोबर खाडीत होडी घालायचे, पुढे कंपनीची बस चालवायला लागले, आणि सुट्टीच्या दिवशी मला असे सिनेमे बघायला न्यायचे. इंग्रजी सिनेमे हिंदीत असायचे. नट कोण, हे त्यांना कधी ठाऊक नसायचं. घरी येताना ते फक्त वाटेबद्दल बोलायचे: त्या पुलावरून गेले नसते तर कुठून गेले असते, वगैरे.

त्या सिनेमांच्या नादानेच मी या धंद्यात आले. महापेला आमचं ऑफिस आहे. परदेशी सिनेमांचे तुकडे तिथे येतात आणि आम्ही ते साफ करतो. माणसाला हवेत टांगलेल्या तारा एकेका चित्रातून पुसायच्या, त्याच्या केसांच्या कडेने रेघ मारून त्याला मागच्या पडद्यापासून सोडवायचं. मागची जादूची दुनिया दुसरं कुणीतरी, दुसऱ्या देशात भरतं. चार सेकंदांच्या तुकड्याला कधीकधी तीन आठवडे लागतात.

बाबांच्या डोळ्यांचं कळलं त्या वर्षी माझ्या वाट्याला एक होडी आली होती. नदी डोंगरावर उलटी चढते आणि होडीत एक म्हातारा आणि एक मुलगी बसलेली असतात, असा तो प्रसंग होता. माझ्याकडे हिरव्या पडद्यापुढे चार तारांवर लटकणारी होडी तेवढी होती. बाबांना मी इतकंच सांगितलं, की एका सिनेमात होडीचं काम करतेय. खरं तर तेवढंही सांगायला नको होतं, कारण आम्ही करारावर सह्या केलेल्या असतात. त्यांनी लगेच विचारलं, की वल्हं कुणाच्या हातात आहे. मुलीच्या, म्हटलं. ती बसलीय की उभी, हेही त्यांनी विचारून घेतलं. उभी आहे म्हटल्यावर त्यांना पटलं नाही. चढावर उभं राहून वल्हवता येत नाही म्हणाले. मग म्हणाले, "येल तवा मना दाखव."

सिनेमा दिवाळीला येणार होता. तो पुढे ढकलला गेला, मग आणखी एकदा. मधल्या काळात बाबांच्या डाव्या डोळ्यातली नळी अरुंद होत गेली. थेंब वेळेवर पडत होते, आई भिंतीवर खुणा करून ठेवायची, तरी डोळ्यातला दाब उतरेना. ऑपरेशन झालं. त्यानेही फार फरक पडला नाही. दर तपासणीला त्यांना एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवायचे आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायला सांगायचे. मी मागे उभी असायचे. बराच वेळ बटणाचा आवाज यायचा नाही.

होडी माझ्या मशीनवर होती. रोज सकाळी मी ती उघडत होते. शेवटी मी आमच्या सुपरवायझरला सगळं सांगितलं. बाबांना पाच मिनिटांसाठी आत आणू द्या, किंवा तो तुकडा तुमच्यासमोरच फोनवर दाखवू द्या, अशी विनवणी केली. तो वाईट माणूस नव्हता. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्या हातात असतं तर मी स्वतः त्यांना आणायला गाडी पाठवली असती." आमचे फोन दारातच लॉकरमध्ये ठेवावे लागतात. मी जागेवर परत आले आणि तारेची सावली पुसत बसले.

सिनेमा आला तेव्हा बाबांना उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसं कळत नव्हतं. मी जायचा विषय काढलाच नव्हता. त्यांनीच काढला. आई म्हणाली, दिसत नाही तर कशाला तडफड. ते शर्ट घालून बसले.

आम्ही वाशीला दुपारच्या खेळाला गेलो. गर्दी नको म्हणून मी कामाचा दिवस निवडला होता, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या घेतल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होते: आता गुहा आली, आता पांढऱ्या झाडांचं रान, झाडांना पानांच्या जागी पिसं आहेत. ते मान डोलवत होते. पुढच्या रांगेतल्या बाईने दोनदा वळून बघितलं. मी हात जोडले, मग ती वळली नाही.

म्हातारा आणि मुलगी डोंगराच्या पायथ्याशी आले. नदी दिसली. मी बाबांच्या मनगटाला धरलं. आणि पुढच्याच क्षणाला ती दोघं डोंगरमाथ्यावर एका वाड्याच्या दारात उभी होती. होडी नव्हतीच. प्रसंग कापला होता. आमच्या धंद्यात हे होतं, कुणी कळवत नाही.

बाबा म्हणाले, "बाय, होडी आली का?"

"आली," मी म्हटलं. आणि समोर वाड्यातली माणसं बोलत असताना मी त्यांना होडी सांगितली. पाणी वर चढतंय, मुलगी उभी राहून वल्हवतेय, म्हाताऱ्याने होडीचे दोन्ही काठ घट्ट धरलेत, तार एकही दिसत नाही. मला थांबता येईना. चार सेकंदांचं काम मी दोन-तीन मिनिटं सांगत राहिले असेन. शेवटी नावांची यादी आली. आमच्या ऑफिसातल्या काहींची नावं होती. माझं नव्हतं. ते त्यांनी विचारलं नाही.

पुढचे तीन रविवार मी ते पोटात ठेवून तळवलीला जात होते. चौथ्या रविवारी आई शेजारी गेली होती आणि मी बाबांच्या डोळ्यांत थेंब घालत होते. थेंब घातल्यावर त्यांना काही वेळ डोळे मिटून बसावं लागतं. त्यांचे डोळे मिटलेले होते तेव्हा मी सांगून टाकलं, की होडी सिनेमात नव्हती, मी खोटं बोलले.

"म्हाईत हाय मना," ते म्हणाले. "पान्याचा आवाज नव्हता."

त्यांना राग आलेला दिसत नव्हता. त्यांनी गालावर आलेला ओघळ पंच्याने टिपला.

"तू केलीस ती होडी खरी ना पन?"

खरी, मी म्हटलं.

"मंग ती वर पोचली का?"

हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे आलेल्या तुकड्यात होडी अर्ध्या चढावर होती. आधीचं कुणाकडे होतं, नंतरचं कुणाकडे, मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता ते कुठेच उरलं नसणार. या खेपेला मला खोटंही बोलता येईना. मी त्यांना सांगितलं, की मला ठाऊक नाही.

ते डोळे मिटून तसेच बसून राहिले. थेंबांसाठी डोळे मिटून ठेवायची वेळ कधीच होऊन गेली होती, तरी मी त्यांना डोळे उघडायला सांगितलं नाही.