चाचांच्या बाईंचा फोटो

हॉलिवूडच्या एका जुन्या नटीचा सख्खा नातेवाईक अख्ख्या सौदीत कुणी असेल, तर तो जुबैलच्या आमच्या कामगार कॅम्पात, माझ्या खालच्या कॉटवर झोपायचा. चाचा रत्नागिरीकडचे, कामाने पाइप फिटर, आणि बाईंचा एकही सिनेमा त्यांनी पाहिलेला नव्हता. "बघायचा कशाला? वळख हाय ना!" म्हणायचे. कुणा गोऱ्या इंजिनिअरने टाकून दिलेलं मासिक त्यांनी स्टोअरकीपरकडून शुक्रवारी-शुक्रवारी हिंदीत वाचून घेतलं होतं, आणि बाईंचं चरित्र त्यांना तोंडपाठ होतं. टोप्यांच्या दुकानातली नोकरी, बदललेलं नाव, स्टुडिओचं सात वर्षांचं काँट्रॅक्ट. "म्हंजे स्टुडिओ तिचा कफील," चाचा आमच्या व्हिसाच्या मालकाचं उदाहरण देऊन समजावत. "त्याच्या सहीबिगर दुसरीकडं काम नाय. तरी वाईट रोल दिला तर घरी बसली, पण केला नाय!" बाईंच्या तीन घटस्फोटांचा विषय ते "नवरे बराबर नव्हते" एवढ्यावर मिटवत. मेसची डाळ खारट झाली, तर बाईंनी उपाशी काढलेले दिवस ऐकत ती आम्हाला गिळावी लागे.

कॉटशेजारच्या भिंतीवर त्या मासिकातला बाईंचा फोटो होता. अंगात गळ्यापासून मनगटापर्यंत काळाभोर झगा. ती मार्करची शाई आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. पूर्वी इथे कस्टमवाले परदेशी मासिकांतल्या बायकांना अशीच शाई फासत. चाचा मात्र "कशी सोज्वळ दिसतेय बघ," म्हणत, आणि मला वाटे, यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नाही.

एका शुक्रवारी जेवणानंतर मला तोच फोटो मोबाइलवर सापडला, बिनशाईचा. खांदे उघडे, पाठ उघडी. मी तो खोलीतल्या टीव्हीवर लावला. "चाचा, ही बघा तुमची सोज्वळ बाई!" बाकी सगळे खो खो हसले, एकाने शिटी मारली. चाचा उठले आणि धुतलेलं ताट पुन्हा धुवायला गेले. संध्याकाळी भिंतीवर फोटो नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी मखलाशी केली. "चाचा, तुमची काय चूक? शाई त्या कस्टमवाल्यांची."

"त्यांची नाय रे. माझी." ते खिडकीबाहेर बघत होते. "खोलीत आठ बाप्ये. येताजाता कोण कसा बघतो, दिसायचा माला. म्हटलं, जल्मभर लोकांपुढं उभी केली तिला. हितं तरी नीट बसू दे."

मला फार लाज वाटली. पण माफी मी शेवटपर्यंत मागितलीच नाही. दोन महिन्यांनी चाचा फायनल एक्झिटवर कायमचे गावी गेले. त्या दोन महिन्यांत डाळ कितीदा तरी खारट झाली, पण बाईंचं नाव त्यांनी काढलं नाही.

आता खालच्या कॉटवर मी झोपतो. भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग आहेत. परवा नव्या वेल्डरने विचारलं, "इथं काय होतं?"

"एका बाईंचा फोटो. सिनेमात होत्या."

त्याने लगेच मोबाइल काढला. "नाव सांगा, बघू कशी होती."

"विसरलो," मी म्हणालो.