मी शहाणा झाल्याचा नवस

मी शहाणा झालो, हे देवीला कळवायला आम्ही माहूरला निघालो होतो.

हे मी थट्टेनं सांगत नाही. वडील गेले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि घरात माझ्याइतकं निरुपयोगी दुसरं काही नव्हतं. (एक बंद पडलेला पंखा होता, पण तो निदान एका जागी असायचा.) तेरावा झाला आणि आई माहूरच्या रेणुकेला नवस बोलली, "ह्याला शहाणपण दे, घर सांभाळता येऊ दे. मग मी घरून निघाल्यापासून तुझ्या पायाशी येईपर्यंत तोंडातून शब्द काढणार न्हाई. पहिला शब्द तुझ्याशीच बोलीन." पुढं मला वसमतच्या एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली. बहिणीचं लग्न झालं, माझं झालं, दोन खोल्यांवर स्लॅब पडला. आई दरवर्षी माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "अजून थांबू." सतरा वर्षं थांबली. गेल्या मार्गशीर्षात मात्र तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "झालास म्हणायचं बाबा आता. नवस फेडून येऊ."

माझा ऊर भरून आला. चाळिशीला आलेल्या माणसाला शहाणपणाचा दाखला मिळतो, तोही स्वतःच्या आईकडून, ही लहान गोष्ट नाही.

वसमतचा एक ट्रॅव्हल्सवाला थंडीत एका दिवसात माहूरगड दाखवून आणायचा. रेणुका, दत्तशिखर, अनुसया, पांडवलेणी, दोन वेळा चहा आणि एक वेळ जेवण. मी तीन सीट धरल्या. आई, माझी बायको सविता आणि मी. पहाटे उंबरठा ओलांडण्याआधी आईनं शेवटचं वाक्य उच्चारलं, "सविता, ह्याच्यावर लक्ष ठेव," आणि तोंड मिटलं. मी सविताला म्हणालो, "आईनं चुकून माझ्याऐवजी तुझं नाव घेतलं." सविताला गाडी लागते, म्हणून तिनं गोळी घेतली आणि सीटवर बसल्या बसल्या झोपून गेली.

मीही माझ्या परीनं तयारी केली होती. आई मौनात आहे, तर आपला मोबाईलही मौनात असावा, या भक्तिभावानं तो सायलेंट करून स्वेटरच्या आत, थेट बंडीच्या खिशात ठेवला.

वारंगा फाट्यावर गाडी खिचडीला थांबली. धुकं असं पडलं होतं की खिचडी ताटलीत आहे की नाही हे चमच्यानं चाचपून बघावं लागत होतं. खाऊन झालं तेव्हा चष्म्यावर वाफ होती, डोक्याला मफलर होता आणि समोर पांढरी ट्रॅव्हल्स चालू होऊन उभी होती. "चला, चला, गाडी निघाली!" मी ओरडलो. सविता गोळीच्या गुंगीत माझ्या स्वेटरला धरून चालत होती. आई मात्र दारातच थबकली. पायरीवर पाय ठेवेना. गुडघे दुखत असतील, असं समजून मी तिला दोन्ही दंडांना धरून उचललं आणि आत ठेवलं.

गाडीत सगळे नवे चेहरे होते. पण फाट्यावर आणखी मंडळी चढणार, असं आमच्या गाडीवाल्यानं आधीच सांगितलं होतं. शिवाय सगळ्यांनी शाली आणि माकडटोप्या घातलेल्या. तीन जागा मोकळ्या होत्या. मी दोघींना बसवलं. सविता पुन्हा झोपली. गाडी निघाली.

आईनं माझी बाही ओढली आणि खिडकीतून मागं बोट दाखवलं.

"व्हय आई, धुकं लई हाय," मी म्हणालो.

तिनं कपाळावर बोटानं मोठा गोल काढला, हात जोडले आणि पुन्हा मागं बोट केलं.

"कुंकू मागं राहिलं? राहू दे. माहूरला वट्टीचं सगळं सामान मिळतंय."

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की वरच्या फळीवर आमची पिशवीच नाही. ओटीचं सगळं सामान तिच्यात होतं! दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी शांतपणे विचार केला आणि पिशवी क्लीनरनं डिकीत टाकली असणार, असं ठरवलं. संकटात डोकं ताळ्यावर ठेवणं यालाच तर शहाणपण म्हणतात.

आई आता जरा जोरात खुणा करू लागली. तिनं समोरच्या बाईच्या जरीच्या साडीकडं बोट दाखवलं. मग स्वतःच्या कपाळावरून दोन्ही कानांकडं बोटं फिरवली, मुंडावळ्या बांधतात तशी. (हे मला आज कळतं.)

"डोकं दुखून राहिलं का?" मी विचारलं आणि खिशातला बाम काढून स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला चोळला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, लेकाची माया बघून. बाम डोळ्यापर्यंत पोचला होता.

शेजारी एक टोपीवाले गृहस्थ बसले होते. ते कौतुकानं बघत होते. म्हणाले, "आई बोलत न्हाईत का?"

"मौन धरलंय. पण मला त्यांची प्रत्येक खूण बराबर कळते."

"वा! तुमी कुणीकडचे मग?"

"आमी देवीकडं निघालेले. माहूर."

"माहूरचे पाहुणे!" ते मागं वळून ओरडले. "अरे, माहूरचे पाहुणे आलेत! एवढ्या थंडीत, एवढ्या लांबून! फेटा आणा!"

आता असं आहे की लग्नाच्या गाडीत कुणी कुणाला ओळखत नाही आणि कुणी कुणाला विचारतही नाही. नवरीकडच्यांना वाटतं हे नवरदेवाकडचे, आणि नवरदेवाकडच्यांना वाटतं मामाकडचे असतील. मला मात्र वाटलं, पैसे घेऊन फेटे बांधणारी अशी सहल वसमतला आजवर झाली नव्हती! मी मफलर सोडला आणि डोकं पुढं केलं. फेटा बांधून झाला. आईच्या हातात चिवडा-लाडूचं पाकीट आलं. तिनं ते मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

त्या क्षणी तिनं तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. एक शब्द टाकला असता तर गाडी थांबली असती, पण सतरा वर्षांचा नवस तिथंच मोडला असता. आणि न टाकावा, तर देवी पाठीमागं चाललेली. तिचे ओठ हलले, आणि मग तिनं पदराचा बोळा करून तोंडात धरला. मला वाटलं, गाडी लागली. मी खिशातली प्लास्टिकची पिशवी उघडून तिच्या तोंडासमोर धरली.

तेवढ्यात सविताला जाग आली. तिनं डोळे चोळले, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे तर कळमनुरीचं स्टँड हाय."

"तसंच दिसतं ते. माहूरच्या वाटेवर असं एक स्टँड लागतं."

"माझं माहेर हाय कळमनुरी! तो बघा आमच्या गल्लीतला मेडिकलवाला. आपण हिकडं काय करून राहिलो? अन् तुमच्या डोक्याला हे काय?"

मी शेजारच्या गृहस्थांकडं बघितलं. "ही गाडी..."

"हिंगोली. अकराचा मुहूर्त हाय," ते म्हणाले. "काहून? तुमाला म्हाईत न्हाई?"

आम्ही कळमनुरीच्या स्टँडवर उतरलो. मी स्वेटरच्या आत हात घालून मोबाईल काढला. आमच्या गाडीवाल्यानं इतके फोन केले होते की मोबाईल गरम झाला होता. त्याच्या गाडीत चाळीस माणसं खोळंबली होती. मी उलट फोन लावला तर तो म्हणाला, "उमरखेडला नाष्ट्याला थांबतो, पण साडेनऊच्या पुढं एक मिनिट न्हाई. लोकं मला खाऊन टाकतील." मी घड्याळ पाहिलं. मग आईकडं पाहिलं. ती फलाटाच्या कडेला उभी होती, बामानं लाल झालेले डोळे, तोंडात पदर. ज्या गोष्टीसाठी ही बाई सतरा वर्षं थांबली, ती मी सकाळी आठच्या आत बुडवली होती.

मी विचार करायला लागलो. सवितानं विचार केला नाही, तिनं भावाला फोन लावला. दहा मिनिटांत गजू टेम्पो घेऊन आला. तो हळदीची ने-आण करतो. त्यानं आईला आणि सविताला केबिनमध्ये घेतलं, मला म्हणाला, "दाजी, तुमी मागं पोत्यांवर बसा. रिकामीच हायेत," आणि टेम्पो असा काही सोडला की उमरखेडपर्यंत मी बसलो कमी आणि उडालो जास्त. पोती रिकामी असली तरी हळद सगळी गेलेली नव्हती. मी उमरखेडला उतरलो तेव्हा डोक्याला फेटा, सर्वांग पिवळं आणि दात कडकड वाजताहेत, अशी अवस्था होती. चाळीस माणसं खिडक्यांतून बघत होती. एक आजी म्हणाली, "अगं बाई, ह्याचं लगीन मोडलं का काय?"

पण गाडी सापडली. फळीवर आमची पिशवी जशीच्या तशी होती. सविता या वेळी झोपली नाही. तिनं गोळीही घेतली नाही. चार ठिकाणी उलटी केली, पण डोळे उघडे ठेवले.

माहूरच्या पायऱ्या आई एकटी चढली. मी हात पुढं केला तर तिनं तो बाजूला केला. मी दोन पायऱ्या मागं राहून चढत होतो, आणि खरं सांगतो, मला भीती वाटत होती. शाळेच्या तपासणीला साहेब आले तरी मी इतका घाबरत नाही. आई आता देवीला काय सांगणार? ‘झाला शहाणा’ म्हणेल, तर देवीसमोर खोटं बोलल्यासारखं होईल. ‘न्हाई झाला’ म्हणेल, तर सतरा वर्षं वाया गेली. वडील गेले त्या दिवशी तिनं माझा हात धरला होता, तो हात किती थंड होता, ते मला त्या पायऱ्यांवर आठवलं. तिच्या मनाला आज एवढंच हवं होतं की आपलं पोरगं उभं राहिलं, हे सांगून मोकळं व्हावं. आणि मी तिला भलत्याच लग्नाला घेऊन गेलो होतो.

गाभाऱ्यात शेंदरी मुखासमोर आई उभी राहिली. सवितानं ओटी तिच्या हातात दिली. आईचे ओठ हलले. पहिला शब्द "आई" होता, तो मला ऐकू आला. पुढं ती बराच वेळ बोलली. मी कान पुढं केला, पण मागून रेटा आला आणि आम्ही बाहेर पडलो. आई रडत होती. या खेपेला बाम नव्हता.

बाहेर ओट्यावर तिला बसवलं. ती तांबुलाचा प्रसाद तोंडात घोळवत बसली. शेवटी मला राहवेना.

"आई, फिटला का गं नवस?"

"फिटला."

"म्हणजे तू सांगितलंस, मी शहाणा झालो म्हणून?"

"देवीपुढं खोटं कशी बोलू बाबा? म्हणलं, आई, मी शहाणपण पोरासाठी मागितलं, तू सुनेला दिलंस. घरात आलं म्हंजे झालं. माझी काई तक्रार न्हाई." तिनं सविताचा हात हातात घेतला. सविता खाली मान घालून पदरानं डोळे पुसायला लागली.

मलाही गलबलून आलं. तरी मी विचारलंच. "अन् माझं काय?"

"तुझ्यासाठी नवा नवस बोलले."

"मौनाचाच?"

"व्हय. पण ह्या खेपेला मौन तू धरायचं."

सविता डोळे पुसता पुसता म्हणाली, "आत्याबाई, ते आत्तापासूनच सुरू केलं तर चालतंय का?"

आई म्हणाली, "देवी न्हाई म्हणायची न्हाई."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिथून दत्तशिखर झालं, अनुसया झाली, पांडवलेणी झाली, गाडी वसमतला परत आली, तोवर मी एक शब्द काढला नाही. दोघी अजून सांगतात की इतकी झकास सहल आमच्या घराची त्याआधी कधी झाली नव्हती.