सातवा मणका

मुलांनो, परवा थोरलीने फोनवर आपल्या मानेच्या एक्स-रेचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'आजी, नॉर्मल आहे, काळजी करू नकोस.' मी आधी मणके मोजले. सात भरले, त्याखालच्याचीही कड दिसली, तेव्हा चष्मा काढला. मोजलेस कशाला, असं तिने विचारलं, म्हणून हे लिहिते. या गोष्टीला साठेक वर्षं झाली.

मी लग्न होऊन घणसोलीला आले तेव्हा गावाबाहेर खाडीपर्यंत मिठागरं होती. माझी थोरली जाऊ तिथे डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची आणि मी गावच्या शाळेत शिकवायची. एका सकाळी बांधावर तिचा पाय घसरला आणि ती पाटीसकट डोक्यावर आपटली. नेमकी ओहोटी होती, होडी निघेना, म्हणून थोरल्या दिरांनी तिला बैलगाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. त्या रस्त्याचे हिसके तिच्या मानेने कसे सोसले कोण जाणे.

तिथल्या डॉक्टरांनी मानेचा बाजूने एक फोटो काढला आणि हाड शाबूत आहे, नुसती लचक भरली आहे, असं सांगून फिल्म हातात देऊन परत पाठवलं. बोटांना मुंग्या येतात, असं ती सांगत होती. त्यावर ते हसले. म्हणाले, मीठ वाहणाऱ्या बायकांच्या माना दगडाच्या असतात.

आता लचक म्हटलं की आमच्याकडे पायाळूला बोलावत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की लचक उतरते, असा समज. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा जाऊ ओटीवर पालथी पडली होती आणि त्याची टाच तिच्या मानेवर होती. मी धावत जाऊन त्याला ढकललं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "फोटूत काय नाय हाय, तं मानंत कुठशी आयला?"

त्यांच्यावर मला तेव्हाही राग आला नाही. शिकलेल्या माणसाने सांगितलं ते त्यांनी खरं मानलं, एवढंच.

जाऊ उठली ती उजवा हात लोंबता घेऊनच. मला म्हणाली, "बाय, माझी बोटा कुठं गेली गं?"

मी फिल्म दारातल्या उजेडात धरली. मानेत सात मणके, हे मी वर्गात पोरांकडून घोकून घ्यायची. इथे सहाच होते. सहाव्याखाली नुसता पांढरा ढग होता, ओझी वाहून भरलेल्या तिच्या खांद्यांचा. सातवा त्यामागे दडला होता आणि तो दिसत नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

यावेळी आम्ही भरतीची वाट पाहिली. तिला फळीवर निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना मिठाने भरलेल्या पिशव्या लावल्या आणि होडीने नेलं. डॉक्टरांना मी मराठीत सांगितलं की एक मणका कमी आहे. ते म्हणाले, "बाई, बाहेर बसा." तेच वाक्य मी इंग्रजीत म्हटलं, तर त्यांनी मला खुर्ची दिली. त्या खुर्चीचा राग मला त्यांच्या चुकीपेक्षा जास्त आहे.

मग दोघांनी तिचे हात पायांकडे ओढून धरले, खांदे खाली आले आणि फोटो निघाला. सहावा मणका सातव्यावरून पुढे घसरला होता.

"तुम्ही लोक मानेवर पाय देता आणि मग आमच्याकडे येता," डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "पहिल्याच दिवशी हे हात ओढले असते, तर तो पाय पडलाच नसता."

ते पुढच्या पेशंटकडे वळले.

डोक्याला वजनं लावून तिला कितीतरी आठवडे निजवून ठेवलं. ती वाचली, चालू लागली. उजव्या हाताची बोटं मात्र परत आली नाहीत. पायाळूला गावाने इतकं बोलून घेतलं की त्याने पुन्हा कोणाला पाय लावला नाही. डॉक्टरांना कोणी एक शब्द विचारला नाही. ते त्याच खोलीत फिल्म वर धरत राहिले, आणि माझी जाऊ शेवटपर्यंत डाव्या हाताने जेवली.