बदरुद्दीनची कार्डं

सरदाराच्या बायकोला मेजवानीत कुठे बसवायचं, असं कुणी विचारलं तर बदरुद्दीन परकार आधी विचारणाऱ्याला खुर्चीवर बसवायचा. हा विषय उभ्या उभ्या उरकण्यातला नव्हे, असं त्याचं ठाम मत होतं.

मूळचा दाभोळचा हा माणूस रियाधमध्ये, ओलाया भागातल्या एका मोठ्या हॉटेलात, एकोणीस वर्षं नावाची कार्डं लिहीत होता. मेजवानीत प्रत्येक पाहुण्याच्या ताटापुढे ठेवतात, ती कार्डं. छापून काय, कुणीही देतं. बदरुद्दीन हाताने लिहायचा, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला अरबी. गावच्या मौलवीसाहेबांनी छड्या मारून घोटून घेतलेलं वळण ते! पाहुणे काय जेवले ते विसरायचे, पण कार्ड आठवणीने खिशात घालून न्यायचे.

वकिलातींच्या मेजवान्या तिथेच व्हायच्या, त्यामुळे युरोपातले सरदार-दरकदार त्याला घरच्यासारखे झाले होते. राजाची बायको राणी होते, पण राणीचा नवरा राजा होत नाही. बॅरनच्या बायकोला नवऱ्याचा मान आपसूक मिळतो. पण बाई स्वतःच्या हक्काने बॅरनेस असेल तर तिचा नवरा आपला साधा मिस्टर. स्पेनमध्ये मात्र नवऱ्यालाही बायकोची पदवी लावू देतात. हे सगळं त्याला तोंडपाठ.

"यात नवल काय?" तो म्हणायचा. "आपल्याकडे मास्तरची बायको मास्तरीणबाई, खोताची खोतीण. पण माझी आई सुईण होती, माझ्या बापाला कुणी काही पदवी दिली काय?"

त्याच्या बापाची गावातली ओळख एकच, हवाबूचा नवरा. हवाबू, म्हणजे बदरुद्दीनची आई, कुणाच्या बाळंतपणाला निघाली की तिची पिशवी घेऊन ते दोन पावलं मागून चालायचे. पण मान अशी ताठ, की सगळं गाव जणू त्यांनीच जन्माला घातलंय! लहानपणी बदरुद्दीनला त्याची लाज वाटायची. शाळेतली पोरं चिडवायची ना.

मग हॉटेलांतल्या कामांवर सौदी माणसं घेण्याचा नियम आला. बदरुद्दीनच्या जागी सहर नावाची सौदी मुलगी नेमली गेली आणि दोन महिन्यांत तिला तयार करायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. भटारखान्यातला श्रीवर्धनचा रफीक त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "सगळं शिकवू नको रे. अडलं म्हणजे येतील परत बोलवायला."

बदरुद्दीन असा भडकला की रफीकच्या हातातली पळी खाली पडली. "माझ्या हाताखालचं माणूस चुकलं तर नाव कुणाचं जाईल? तुझं?"

आणि त्याने शिकवलं. हातचं राखून नाही, पार मुळापासून. सहर हुशार होती, एकदाच चुकली. एका बॅरनेसच्या नवऱ्याच्या कार्डावर तिने 'लॉर्ड' लिहिलं. बदरुद्दीनने कार्ड फाडून दुसरं पुढे ठेवलं आणि रीत सांगितली. तिचा चेहरा उतरला नाही, उलट तिने विचारलं, "म्हणजे बायकोला नवऱ्याकडून सगळं मिळतं, आणि नवऱ्याला बायकोकडून काहीच नाही? त्या माणसाला वाईट वाटत नसेल?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न बदरुद्दीनला पडला नव्हता. "कार्डावर रीत लिहायची असते, बेटी," तो म्हणाला, "वाईट वाटणं नाही." पण उत्तर आपलं आपल्यालाच पटलं नाही, हे त्याला कळलं.

नोकरी सुटली. त्याची बायको आमिना सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ होती, म्हणून त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, आता तिच्या नावावर गेला. धंद्याच्या रकान्यात एकच शब्द आला, मुराफिक. म्हणजे सोबत आलेला. बदरुद्दीनने ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात टाकलं. जन्मभर दुसऱ्यांची नावं मानाने लिहिली, आणि आता आपल्या नावापुढे लिहायला काही उरलं नाही, हे त्याला फार लागलं. तीन आठवडे तो धड जेवला नाही.

तेवढ्यात आमिना विभागप्रमुख झाली. इस्पितळाने मेजवानी ठेवली. बदरुद्दीन नको म्हणत होता. आमिनाने त्याचा कोट इस्त्री करून समोर टांगला, तेव्हा तो अंगात चढवून निघाला.

टेबलापाशी आल्यावर त्याची नजर सवयीने आधी कार्डांवर गेली. एकावर छापलं होतं 'डॉ. बदरुद्दीन परकार'. दुसऱ्यावर 'मिसेस परकार'. कुणा कारकुनाने यादी पाहून जोडप्यातला डॉक्टर म्हणजे पुरुषच असणार, असं धरलं होतं.

शेजारचे एक मिसरी, म्हणजे इजिप्तचे, गृहस्थ उठून म्हणाले, "या, या, डॉक्टरसाहेब!"

खरं सांगायचं तर बदरुद्दीनला ते गोड लागलं. तीन आठवड्यांत कुणी त्याला कसल्याच मानाने हाक मारली नव्हती. आमिनाने त्याचा चेहरा वाचला आणि हळूच म्हणाली, "राहू द्या की. आज स्पेनचा कायदा लावा."

ती हसत होती, पण थट्टा करत नव्हती. स्वतःचं नाव ती खुशाल त्याला देऊन टाकायला तयार होती. तेच बदरुद्दीनला सहन झालं नाही. रात्ररात्र जागून ही बाई डॉक्टर झाली, परक्या मुलखात हजारो माणसांना झोपवून तिने सुखरूप जागं केलं, आणि तिच्या मानाच्या दिवशी कार्डावर तिचं नावसुद्धा नसावं?

त्याने कोटातून पेन काढलं. दोन्ही कार्डं उलटी केली आणि उभ्यानेच लिहू लागला. आयुष्यात प्रथमच उभ्याने. पहिल्यावर 'डॉ. आमिना परकार', सगळ्यात सुंदर वळणात. दुसऱ्यावर 'मिस्टर बदरुद्दीन परकार'.

मिसरी गृहस्थ गोंधळले. "मग आपण काय करता?"

"मी डॉक्टर आमिनाचा नवरा," बदरुद्दीन म्हणाला. "खलास." आणि म्हणता म्हणता त्याची मान आपोआप वर झाली. सहरच्या प्रश्नाचं उत्तर त्याला आत्ता मिळालं होतं. वाईट वाटत नाही बेटी, मुळीच नाही.

मंचावरून आमिनाचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने आपली पर्स खुर्चीवर ठेवली. बदरुद्दीनने ती उचलली, छातीशी धरली, आणि दोन पावलं मागे राहून तिच्या मागोमाग ताठ मानेने चालू लागला.