विवाहितांसाठी पिवळा पास

त्या काळी डोंबिवलीत विजेचे खांब कमी आणि समित्या जास्त होत्या. विहिरीवर कुणी किती वाजता जायचं हे ठरवायला समिती होती, वाचनालयात कुठली मासिकं मुलींच्या हाती द्यायची नाहीत हे ठरवायला समिती होती, आणि आरतीत शेवटचं कडवं कुणी फार लांबवू नये म्हणून एक पोटसमितीही होती. तेव्हा ज्या वर्षी आमच्या सार्वजनिक गणपतीत शाळेच्या मैदानावर पडदा बांधून सिनेमा दाखवायचं ठरलं, त्या वर्षी तो सिनेमा कोवळ्या मनांना सोसेल की नाही हे आधी पाहून यायला एक समिती नेमली गेली याचं कुणालाच नवल वाटलं नाही. नवल एवढंच, की तिच्यात मी होते.

अध्यक्ष माझे वडील, म्हणजे अण्णा. ते ठाण्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि दुसऱ्याच्या मसुद्यात सकाळी सकाळी एखादी चूक सापडली की त्यांचा दिवस चांगला जाई. दुसरे संस्कृतचे मास्तर. त्यांना प्रत्येक शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक होता, चालू अर्थाशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. तिसरा विमा कचेरीतला एक तरुण, तो चिटणीस. नुकताच डोंबिवलीत राहायला आलेला, त्यामुळे उत्साही. त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीनं सिनेमा मिळणार होता. आणि चौथी मी, एकोणीस वर्षांची, मॅट्रिक होऊन बालवर्गाला शिकवणारी. ठरावात माझा उल्लेख ‘तरुण पिढीच्या प्रतिनिधी’ असा होता. खरं कारण असं, की माझं अक्षर चांगलं होतं आणि इतिवृत्त लिहायला कुणीतरी हवं होतं.

सिनेमा विनोदी होता आणि विषय होता घटस्फोट. नवरा-बायको लोणच्याच्या बरणीवरून भांडतात, कोर्टातून घटस्फोट घेतात आणि मग एकमेकांना चोरून बागेत भेटायला लागतात. शेवटी पहिल्या लग्नाचाच भटजी त्यांचं दुसरं लग्न लावतो. मुंबई राज्यात कायदा होऊन काही वर्षं झाली होती. आमच्याकडे मात्र तो अजून वर्तमानपत्रातच होता, घरात आलेला नव्हता.

आमच्या घरात तो आला होता, पण त्याला उंबऱ्यातच थांबवलं होतं. माझी ताई चार वर्षं माहेरी होती. तिचं सासर कल्याणला. डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये एकच स्टेशन आहे, पण तेवढं अंतर ओलांडणं माझ्या मेव्हण्यांना चार वर्षांत जमलं नव्हतं. तिला आणून सोडताना ते म्हणाले होते, ‘कळवतो.’ विचारणाऱ्यांना अण्णा सांगत, की जावयांची जागेची अडचण आहे. डोंबिवलीत हे कारण कुणीही मान्य करी, कारण जागेची अडचण सगळ्यांनाच होती. मेव्हण्यांच्या त्या अडचणीच्या जागेत एक दुसरी बाई राहायला आली आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण आमच्याकडची माणसं सुसंस्कृत. तोंडावर कुणी बोललं नाही.

ताईनं ठाण्याच्या एका वकिलांकडून अर्जाचा मसुदा करून आणला होता. वकील म्हणाले होते, की घरातल्या कुणीतरी कोर्टात उभं राहून सांगायला हवं, मुलगी चार वर्षं इथंच आहे आणि तिला न्यायला कुणी आलेलं नाही. वडिलांनी सांगितलं तर उत्तम. तिनं अण्णांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, “आपल्या घरात हा शब्द नको.” आई आम्ही लहान असतानाच गेली होती. ताई सुटून गेली तर स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न अण्णांच्या मनात होता असं मी म्हणणार नाही. माझ्या मनात होता, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तर एका रविवारी आम्ही चौघं ठाण्याला सिनेमा बघायला गेलो. ताईला कुणी ‘चल’ म्हटलं नाही. मी वही मांडीवर घेऊन अंधारात आक्षेपार्ह जागा टिपत होते. नायिका वकिलासमोर पाय हलवत बसते. नायक स्वतः पोळ्या लाटतो (मास्तरांनी कोपरानं ढोसून ही नोंद करायला लावली). मग कोर्टाचा प्रसंग आला. न्यायाधीश ‘मंजूर’ म्हणायला तोंड उघडतात आणि त्यांना शिंक येते, पुन्हा उघडतात आणि पुन्हा शिंक येते. त्यावर अण्णा इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला, की पुढची दोन रिळं मी काही लिहिलंच नाही. इतिवृत्तात तिथं ‘विशेष काही नाही’ असं आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक झाली. चहा ताईनं केला. मास्तरांनी सुरुवातीलाच सांगितलं, की घटस्फोट हा शब्दच मुळात चुकीचा वापरला जातो. घट म्हणजे मडकं. पतित माणसाच्या नावानं मडकं फोडून त्याला जिवंतपणी मेलेला ठरवायचं, तो विधी म्हणजे घटस्फोट. त्याचा लग्नाशी काय संबंध? संबंध काय ते आतल्या खोलीतून कप घेऊन येणारी माणसं त्यांना सांगू शकली असती, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

मग उपाय शोधणं सुरू झालं. सिनेमाचा शेवट गोड आहे हे सगळ्यांना मान्य होतं, मधल्या वाटेची भीती होती. मास्तर म्हणाले, मधली चार रिळं गाळावीत. चिटणीस बिचारा म्हणाला, “अहो, पण मग भांडण होणार आणि लगेच समेट होणार. घटस्फोट दिसणारच नाही.”

“संसार असाच असतो,” अण्णा म्हणाले. ठराव एकमतानं झाला.

तेवढ्यावर भागेना, म्हणून आणखी एक ठराव झाला. रिळं गाळूनही सिनेमा विवाहितांनीच पाहावा. त्यांना पिवळा पास. अविवाहितांना पांढरा पास, त्यावर दुसऱ्या दिवशीचं कीर्तन. म्हणजे सिनेमाची परीक्षक म्हणून मी तो पूर्ण पाहिला होता आणि तरुण पिढीची प्रतिनिधी म्हणून तो पाहायला मी अपात्र होते. हेही माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे.

चिटणिसानं फळा रंगवून आमच्या फाटकाशी टांगला. ‘घटस्फोटाचा विनोदी खेळ. फक्त विवाहितांसाठी.’ जवळच्या कोपर गावाहून आमच्याकडे एक भाजीवाली यायची. डोक्यावरची पाटी खाली ठेवून तिनं मला विचारलं, या फळ्यावर काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं.

“हंडी फोरायची?” ती म्हणाली. “गोकुलाष्टमी त झाली ना गो. आन ती बी लगीन झालेल्यांनीच? मास्तर चरनार का थरावर?”

मला हसू आवरेना. मास्तरांचा मूळ अर्थ समजणारी डोंबिवलीत तेवढी एकच व्यक्ती निघाली. मी तिला सांगितलं, की नवरा-बायको कायद्यानं वेगळे होतात त्याला घटस्फोट म्हणतात.

“म्हंजे कारीमोर,” ती म्हणाली. “मंग तसं लिवा ना.” काडीमोड. तिच्याकडे पंचांसमोर एक वाळकी काडी मोडत, की दोघं मोकळे. “माजी नाय का मोरली? पैला दारू पिऊन मारायचा. पंच बसलं, कारी मोरली, सांजंला मी आयशीच्या घरान. आता हा दुसरा हाय तो बरा हाय.” एवढं सांगून ती भेंडी निवडायला लागली.

दाराआडून ताई बाहेर आली. फाटकापर्यंत ती सहसा येत नसे.

“काडी कुणी मोडली, मावशी?” तिनं विचारलं.

“मीच.”

“आणि तुझे वडील?”

“बापूस बाजूलाच व्हता. त्यानंच कारी आनून दिली ना माझे हातान.”

त्या दिवशी ताईनं भेंडी घासाघीस न करता घेतली.

दोन दिवसांनी पासांची यादी करायला मास्तर आणि चिटणीस पुन्हा आमच्याकडे जमले. अण्णा सांगत होते, मी लिहीत होते. घराघरातली माणसं विवाहित आणि अविवाहित अशा दोन रकान्यांत पडत होती. अण्णा स्वतः विधुर, म्हणून त्यांचं काय करायचं यावर थोडा खल झाला. मास्तरांनी निवाडा दिला, की एकदा लग्न झालेला तो विवाहितच. मी पांढरी. ताई चहाचे कप घेऊन आली तेव्हा आमच्याच घराची ओळ चालू होती.

“ताईंना कुठला?” चिटणिसानं विचारलं. तो नवा होता, त्याच्या मनात काही नव्हतं.

“पिवळा,” अण्णा मान वर न करता म्हणाले. “लिही. विवाहित.”

मी लिहिलं. ताई कप हातात धरून माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं कप खाली ठेवले, आत गेली आणि वकिलांचा कागद आणून अण्णांच्या पुढ्यात, थेट यादीवर ठेवला.

“अण्णा, मसुदा बघा. काही चूक असेल तर सांगा.”

चिटणीस चहात बघायला लागला. मास्तरांना मूळ अर्थ सांगण्याजोगा एकही शब्द सापडला नाही. अण्णांनी कागद वाचला. ते वाचल्याशिवाय कुठलाच कागद सोडत नसत. मग त्यांनी त्याची व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले, “हा विषय आजच्या कामकाजात नाही.”

ताईनं घडी उचलली आणि माझ्याकडे वळली. “तू येशील कोर्टात?”

मी ‘येईन’ म्हटलं. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. यादीतलं माझं ते वळणदार ‘विवाहित’ अजून ओलं होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

सिनेमा झाला. रिळं गाळल्यामुळे तो इतक्या लवकर संपला, की यंत्र बिघडलं असं समजून विवाहित मंडळी बराच वेळ बसून राहिली. अविवाहितांनी तो पडद्याच्या मागच्या बाजूनं, आंब्याच्या झाडांवर बसून पाहिला. त्यांच्या मनावर काय परिणाम झाला हे तपासायला समिती नेमायचं राहून गेलं. ताईनं आपला पिवळा पास भाजीवालीला दिला. दोन वेळा लग्न झालेली, म्हणजे तिच्या पात्रतेबद्दल शंकाच नको. दुसऱ्या दिवशी तिनं तक्रार केली, “कारी कवा मोरली त दाखवलंच नाय.”

खटल्याला पाच-सहा महिने लागले. ठाण्याचं कोर्ट अण्णांच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून आमच्या तारखेच्या दिवशी रजा घेऊन ते घरीच बसले. मेव्हणे कोर्टातही आले नाहीत, निदान या बाबतीत ते एकनिष्ठ निघाले. वकिलांनी मला विचारलं, “चार वर्षांत यांना न्यायला कुणी आलं होतं?” मी म्हटलं, “नाही.” “पत्र?” “नाही.” न्यायाधीशांना शिंक आली नाही. ताई समोरच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि प्रत्येक ‘नाही’ला ती किंचित मान हलवत होती, मी पाठांतर म्हणून दाखवत असल्यासारखी. मला रडू आलं. वकिलांनी ते साक्षीला उपयोगाचं आहे असं पाहून थोडा वेळ येऊ दिलं.

अण्णा त्या काळात माझ्याशी बोलत नव्हते. काही हवं असलं तर ताईला सांगत, “तिला सांग.” म्हणजे जी घटस्फोट घेत होती तिच्याशी ते बोलत आणि जिनं साक्ष दिली तिच्याशी अबोला. मीही हट्टानं बोलले नाही.

निकाल लागला. महिन्याभरानं त्याची नक्कल तयार झाली. ती आणायला आम्ही जायचं म्हणत होतो, तर एक दिवस संध्याकाळी अण्णांनी डब्याच्या पिशवीतून कागद काढला आणि ताईपुढे ठेवला. स्वतःच कोर्टात जाऊन, सही करून घेऊन आले होते. एका कोपऱ्याला तेलाचा डाग पडला होता.

“वाचलंत?” ताईनं विचारलं.

“वाचलं,” अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं ताईचं नाव होतं आणि त्यापुढे ‘कोम’ लिहून मेव्हण्यांचं नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. “हे चुकलंय. हे असं आता कसं राहील? इथं वडिलांचं नाव लावायला हवं होतं. माझं.”

चूक काही नव्हती. अर्ज केला त्या दिवशी ताई मेव्हण्यांचीच बायको होती, आणि नक्कल अर्जाप्रमाणेच येणार, हे बावीस वर्षं नकला तपासणाऱ्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती. ताई नुसती अण्णांच्या बोटाकडे बघत राहिली.

“उद्या कचेरीत गेलो की दुरुस्त करून आणतो,” अण्णा म्हणाले, आणि कागदाची घडी घालून त्यांनी तो पुन्हा पिशवीत ठेवला.