टेकडीवरचं हट्टी झुडूप

रोपवालीच्या हाताला गुण होता. तिनं खुर्चीचा पाय जरी कुंडीत खोचला तरी त्याला पालवी फुटेल, असं तिचा नवराच म्हणायचा. तिच्या रोपांच्या दुकानाशेजारच्याच गाळ्यात त्याची लाँड्री होती आणि बायकोचं कौतुक तो गिऱ्हाइकांना इस्त्रीच्या कपड्यांबरोबर फुकट द्यायचा.

एक झुडूप मात्र तिला पुरून उरलं. बंद पडलेल्या दगडखाणीच्या वर, उघड्या कातळावर ते वाढायचं. गुडघ्याएवढं, राखाडी लवदार पानांचं. पण फुलं अशी निळी की बघतच राहावं. त्या टेकडीखेरीज ते कुठंच दिसायचं नाही.

"मी रोपं विकते आणि हेच माझ्याकडे नाही?" म्हणत तिनं खाली पडलेलं चिमूटभर बी आणलं. चाळलेली माती, कुजलेलं खत, डोक्यावर सावली, दोन वेळा पाणी. रोप बोटभर वाढलं आणि रुसलं. पानं पिवळी पडली, तसं तिनं आणखी खत घातलं.

"काय कमी केलं रे तुला?"

"कमी कुठलं, अती झालंय," पलीकडून नवरा म्हणाला. "लेकीलाही तू असंच कोंबून भरवायचीस!"

दोन दिवस तिनं नवऱ्याशी अबोला धरला. तेवढ्यात रोपानं मान टाकली.

मग ती तणतणत टेकडी चढली. वर वारा कानशिलात मारत होता. कातळाच्या भेगेत माती असेल-नसेल, पाणी टिकायची सोय नाही, आणि त्यात हे महाशय मधमाश्या अंगावर घेऊन मजेत डुलत होते.

"म्हणजे तुला लाड सोसत नाहीत होय!" ती एकटीच हसत सुटली. रोप करायचा नाद तिनं तिथंच सोडला. त्याऐवजी फुलं आली की ती जो भेटेल त्याला वर घेऊन जाऊ लागली.

एकदा लेक-जावई आले, त्यांनाही नेलं. जावई म्हणाला, "आई, आमच्या बाल्कनीत झकास दिसेल हं!" आणि त्यानं बुंध्याला हात घातला.

फाट! रोपवालीनं त्याच्या हातावर चापट ठेवून दिली. लेकीनं तोंडावर पदर घेतला. जावयाचे कान लाल झाले.

"जावईबापू, दुकानातलं हवं ते न्या, कुंडीसकट. पण ह्याला हात लावायचा नाही!"

तो संध्याकाळपर्यंत फुगून बसला. पण पुढच्या बहराला ऑफिसातली चार माणसं घेऊन स्वतःच हजर झाला आणि चढ सुरू व्हायच्या आधीच त्यांना दम भरला, "लांबूनच बघा. आमच्या सासूबाई दिसतात गरीब, पण हात फार जड आहे!"