नानांचा न उघडलेला गडू

वर्णनाचा विषय: नाना, वय सत्तरीच्या घरात, टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसातून निवृत्त, राहणार लंडनचे उपनगर हॅरो. घटनेचे स्थळ: लंडनच्या विमानतळावरील तपासणीची रांग. घटनेचा काळ: विमानात पाण्याची बाटली नेण्यास बंदी आली, त्यानंतरचा पहिला हिवाळा. साक्षीदार: प्रस्तुत लेखक, ज्याचे शालेय शिक्षण सातवीत थांबले असले तरी कौन्सिलला आणि व्हिसा कचेरीला गेलेले हॅरोतील बहुतेक मराठी अर्ज त्याच्याच हातचे आहेत. सबब पुढील मजकूर भरवशाचा समजावा.

नाना लोकांची पुडकी उघडत असत. हॅरोतून कोणी भारतात निघाले की बाकीचे आपापली पुडकी घेऊन येत, "जाता जाता एवढं पोचवा" म्हणून. ती सारी आधी नानांच्या बैठकीच्या खोलीत जमत. नाना देणाऱ्याच्या देखत प्रत्येक पुडक्याची टेप कापत, आतला जिन्नस हातात घेऊन पाहत आणि मग पुन्हा टेप लावत. कित्येकांना हा अपमान वाटे. "माणसावर माझा पूर्ण विश्वास आहे," नाना म्हणत, "पुडक्याशी माझी ओळख नाही."

एकदा इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई भावासाठी घट्ट बांधलेले पुडके घेऊन आल्या. त्यातून गजराचे घड्याळ, त्याची वायर, सेल आणि त्यांच्याभोवती नीट रचलेल्या साबणाच्या वड्या निघाल्या. नानांनी कपाळाला हात लावला.

"बाई, मशीनमध्ये ह्याचा फोटो कसा दिसेल, कल्पना आहे?"

"अहो नाना, मी काय बॉम्ब ठेवणारी दिसते?"

"तुम्ही नाही दिसत हो. पुडकं दिसतं!"

साबण एका बॅगेत गेला, घड्याळ दुसऱ्या. बाई आठवडाभर बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला मात्र पुडके उघडेच घेऊन आल्या.

बॅग भरतानाही नाना स्वतः हात लावत नसत. खुर्चीवर बसून ते फक्त सांगत, भरायचे मालकानेच. "काउंटरवर विचारतात ना, डिड यू पॅक धिस बॅग युअरसेल्फ? तेव्हा येस म्हणताना आवाज कापता कामा नये."

अशा या नानांच्या घरात एकच वस्तू न उघडलेली होती. देवघरातला तांब्याचा गडू. त्यांच्या आईने काशीहून आणलेला, तोंड कथलाची डाक देऊन कायमचे बंद केलेला, आत गंगा. विलायतेला येताना आईने तो नानांच्या हाती दिला होता.

त्या हिवाळ्यात नागपूरहून अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, आईच्या बरोबरीने तिनेच त्यांना वाढवले. डॉक्टरांनी आशा सोडली होती. फोनवर तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "आईचा गडू घेऊन ये. त्यातलं पाणी माझ्या तोंडात तूच घाल. उशीर करू नकोस."

मी त्याच विमानाने मुंबईस निघालो होतो. गडू मोठ्या बॅगेत टाका, असे मी सुचवले. "चपलांशेजारी गंगा?" नाना म्हणाले आणि गडू शालीत गुंडाळून कडेवर घेतला. नाइलाजाने मी त्याच्या पावित्र्याचा इंग्रजी दाखला लिहून दिला.

तपासणीचा पट्टा थांबला. पडद्यावर गडूच्या जागी नुसता काळा डाग होता. तपासनीस पंजाबी बाई होत्या.

"अंकल, इसमें क्या है?"

"गंगाजल."

त्यांनी माझा दाखला वाचला आणि अदबीने परत केला. "मैं तो समझती हूँ अंकल. मशीन को कैसे समझाऊँ?"

वरिष्ठ साहेब आले. आमच्या मागच्या लोकांना दूर सरकवले. कापडाची पट्टी गडूवरून फिरवून दुसऱ्या यंत्रात घातली. स्फोटकाचा अंश निघाला नाही. तरी साहेबांचे म्हणणे कायम राहिले: आतले दिसत नाही तोवर गडू जाणार नाही, आणि आत पाणी निघाले तर पाणी जाणार नाही. विमानाची वेळ होत आली होती. हे विमान चुकले तर अक्का भेटेल याची खात्री नव्हती. मी कायद्याने बोलू लागलो, तोच नानांनी माझा दंड धरला.

"थांबा हो. लोकांच्या पुडक्यांना मी कधी सूट दिली का?" मग बाईंकडे वळून म्हणाले, "ओपन इट, बेटा."

"शुअर, अंकल?"

"अक्काला पाण्यापेक्षा मी हवाय," ते मराठीतच म्हणाले. बाईंना शब्द कळले नसतील, पण त्यांनी मान हलवली.

पकडीने डाक तुटली. नानांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी गडू ट्रेवर कलता केला. काही आले नाही. पुरता उपडा केला. चिमूटभर पांढरी पूड पडली. गडू कोरडा होता! कुठल्याशा न दिसणाऱ्या फटीतून गंगा केव्हाच उडून गेली होती. गडू जाड तांब्याचा, मूळचाच जड; शिवाय गच्च भरलेला गडू हलवला तर वाजत नाही, म्हणून आम्ही सारे तो भरलेला धरून चाललो होतो. रिकामाही वाजत नाही, हे कोणाच्या मनातच आले नाही.

"नो लिक्विड!" बाई हसून ओरडल्या. "ले जाओ अंकल, भागो!"

नाना ट्रेला धरून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आईनं मला आयुष्यभर हवा सांभाळायला लावली!" आम्ही धावत सुटलो आणि विमानाचे दार बंद होण्यापूर्वी आत पोचलो.

पुढचे नानांनी फोनवर सांगितले. अक्काने गडूत डोकावून पाहिले. "रिकामा गडू घेऊन इतक्या लांबून आलास? वेडा तो वेडाच. जा, माठातलं भर." नानांनी भरले, घोटभर पाजले. तिसऱ्या दिवशी तिने पिठले मागितले, आणि महिन्याभरात ती अंगणात हिंडू लागली. तिला सोडून नाना काही निघाले नाहीत.

त्याला आता काही वर्षे झाली. नानांच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे आणि पुडकीही आता माझ्याकडेच येतात. मी ती देणाऱ्याच्या देखत उघडतो. लोक रागावतात, मी नानांचे वाक्य म्हणतो.

सबब नानांस नम्र विनंती की, आपण हॅरोस परत कधी येणार, अथवा येणारच नाही, याचा खुलासा लेखी करावा. अक्कांनी सोडले नसल्यास तसेही कळवावे. त्या कारणास आमची हरकत असणार नाही. आपले पाकीट येताच ते सर्वांच्या देखत उघडले जाईल.